‘बघूया’चा रकाना

मॅडमनी आम्हाला दिलेल्या वहीत दोनच रकाने होते. एकावर ‘येणार’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘नाही’. पट्टी लावून, लाल पेनाने, अगदी सरळ आखलेले. मला ते रकाने आवडले होते. त्या दिवसांत माझ्यापुढे कुणी दोनच पर्याय ठेवले की बरं वाटायचं. तिसरा आला की डोकं दुखायचं.

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात शहरातली, त्यातही ठरावीक आळ्यांतली मुलं जास्त. वरून विचारणा झाली होती म्हणे, की बाकीची मुलं कुठे आहेत? खाडीकाठची, मोहल्ल्यांतली, धनगरवाड्यांवरची, आतल्या गावांतली मुलं बारावी होऊन जातात कुठे? ती शोधून आणायच्या कामाला मॅडमनी आम्हा विद्यार्थ्यांनाच जुंपलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर जायचं, बारावी झालेल्यांना भेटायचं, पत्रक द्यायचं, कॉलेजबद्दल सांगायचं आणि वहीत नोंद करायची. ‘येणार’ म्हणतील त्यांना जूनमध्ये फोन करून कॉलेजात बोलवायचं आणि त्यांचे फॉर्म भरून द्यायचे. दाखले, ऑनलाइन अर्ज, ओटीपी, सगळी कटकट आमची. ‘नाही’ म्हणतील त्यांना पुन्हा फोन करायचा नाही. लोक वैतागतात, असं मॅडमनी बजावलं होतं.

या कामाला मुलंही मॅडमनी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणची निवडली. मी लांज्याकडची, आतल्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी ‘म्हणून’ होते. आमचे फोटो पत्रकावर छापायचे होते. फोटो काढणारा सारखा ‘हसा, हसा’ म्हणत होता आणि मी हसतेय अशीच माझी समजूत होती. पत्रक छापून आलं तेव्हा माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण, दाभोळची, मासेमारांच्या घरातली, ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

“ह्या फोटोवर तुला पासपोर्ट मिळेल,” ती म्हणाली, “पोरं नाय मिळायची.”

तिचं बरोबर होतं. मला त्या काळात कशाचंच काही वाटत नसे. दुःखी होते असं मुळीच नाही. जेवत होते, झोपत होते, परीक्षेत पास होत होते. कुणी विनोद केला तर तो विनोद आहे हे कळायचं, आणि मग मी हसायची.

याचं मूळ सांगायचं तर आमच्या घरी जावं लागेल. मी बारावी झाले तेव्हा बाबा मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये होते. हिचं पुढे काय करायचं, असं आईने फोनवर विचारलं. बाबा म्हणाले, “बघूया.”

आमच्याकडे ‘बघूया’ म्हणजे नाही. यात गावातल्या शेंबड्या पोरालाही शंका नसते. सहलीला जाऊ? बघूया. मुलगी बघायला आलेली माणसं पोहे खाऊन ‘बघूया’ म्हणून उठली की आई बशा गोळा करतानाच पुढच्या स्थळाचा विचार करायला लागते. तोंडावर ‘नाही’ म्हणणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात, म्हणून हा शब्द. तो म्हणताना आवाज खाली उतरतो, शेवटचा ‘या’ जवळजवळ ऐकूच येत नाही आणि बोलणारा अंगणाकडे नाहीतर छपराकडे बघतो. ‘बघूया’ म्हणताना समोरच्याकडे मात्र कुणी बघत नाही.

दोन वर्षं मी लांज्याला काजूच्या कारखान्यात सोलायला गेले. टरफल फोडताना त्याचं तेल बोटांना लागतं, कातडी काळी पडून सोलवटते, आणि मग बोटांना काही कळेनासं होतं. कपाळाला आठी न घालता मी उकळत्या चहाचा ग्लास धरायची. भाजत नाही का गं, असं बायका विचारायच्या. नाही भाजत, मी सांगायची. मग माझा भाऊ बारावीला नापास झाला. आंब्याच्या दिवसांत बाबा घरी आले होते, ते म्हणाले, “जा मग तू.” इतकंच. मी बॅग भरली. आता आनंद होईल म्हणून थोडे दिवस वाटही बघितली. बोटं पुढे वर्षभरात बरी झाली, चहा भाजायला लागला. बाकीचं तसंच राहिलं.

तर अशी मी, आणि माझ्या हातात ती वही.

नुसते आपापल्या माणसांत गेलात तर गप्पाच ठोकाल, म्हणून मॅडमनी प्रत्येक जोडीत एक त्या भागातला आणि एक बाहेरचा ठेवला होता. मला आणि दाभोळच्या मैत्रिणीला मिळून खाडीकाठच्या वाड्या दिल्या. ती बोलायची आणि मी लिहायची, हे आमचं ठरून गेलं होतं. ती कुठल्याही ओट्यावर चढून पाच मिनिटांत घरच्या बाईला ‘काय गो’ म्हणायला लागायची. पण एका शुक्रवारी तिच्या आतेबहिणीचा साखरपुडा निघाला आणि मी एकटीच एसटीने गेले.

शेवटच्या थांब्यापासून खाली उतरत गेलं की वाडी लागते. मेचं ऊन होतं. घरासमोर जाळ्यावर सुकट पसरलेली आणि एक बाई त्यातला कचरा वेचत बसलेली. तिची मुलगी सायन्सला बारावी पास झाली होती. नवरा बोटीवर खलाशी, समुद्रात होता. मला पाणी दिलं, कोकम दिलं, बसायला खुर्ची आतून आणली. मी पाठ झालेलं सगळं सांगितलं. मुलगी दाराला टेकून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

“ताई, मायक्रोस्कोप परत्येकाला मिलतो?”

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं की त्यांच्या ज्युनिअर कॉलेजात सगळ्या वर्गात मिळून एक चालू मायक्रोस्कोप होता. रांग लावायची. तिचा नंबर शेवटून दुसरा, आणि दोन वर्षांत दर वेळी तिचा नंबर येईस्तोवर तास संपायचा. जर्नलमध्ये तिने कांद्याच्या सालीची आकृती काढली होती ती शेजारणीची बघून. तिला बी.एस्सी. करायचं होतं.

“मिळतो,” मी म्हणाले. मी आर्ट्सची. सायन्सच्या प्रयोगशाळेत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. पण पत्रकात ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ असं छापलेलं होतं.

मग मी आईकडे वळून विचारलं, “मग काय मावशी, पाठवाल ना?”

बाईने हातातली सुकट खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “बघूया. होड्या शाकारल्या की.”

पावसाआधी मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी नाहीतर ताडपत्रीने झाकतात, त्याला होड्या शाकारणं म्हणतात, एवढं मला मैत्रिणीमुळे ठाऊक होतं. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या डोक्यात शिरलाच नाही. पहिला शब्द ऐकला आणि तिथेच कान बंद केले. आज आठवते तेव्हा ती बाई सरळ माझ्याकडे बघत होती. तिचा ‘या’ लांब होता आणि वर गेला होता. तेव्हा मला फक्त बाबांचा फोनवरचा शब्द ऐकू आला.

मुलीने नंबर सांगितला, मी लिहून घेतला. उठताना म्हणाले, “आम्ही फोन करू.” हे मी सगळ्यांनाच म्हणायची, ‘नाही’वाल्यांनासुद्धा. कुणाच्या घरून उठताना काहीतरी गोड बोलून उठावं, आमच्या आईची शिकवण. वाडीच्या चढावर एका काजूखाली थांबून मी वही उघडली आणि मुलीचं नाव ‘नाही’च्या रकान्यात लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, चढावर उभं राहून लिहूनसुद्धा.

जूनमध्ये कॉलेजात फॉर्म भरायचा दिवस झाला. बरीच मुलं आली. आम्ही ओटीपी ओटीपी ओरडत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. मॅडम खूश होत्या. ग्रुपवर फोटो पडले, सगळ्यांनी अंगठे दाखवले, मीही दाखवला.

ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा सुरू झाल्यावर मी आणि मैत्रीण एका रविवारी बाजारात मासे घ्यायला गेलो. मासे निवडायचं काम तिचं, पिशवी धरायचं माझं. एका टोपलीमागून आवाज आला.

“तूच ना गो बाय ती? कागदावरची?”

मी ओळखलं नाही. तिने घराची, सुकटीची, कोकमाची खूण दिली तेव्हा ओळखलं. मुलगी कशी आहे, कुठे प्रवेश घेतला, असं मी विचारलं. या प्रश्नाला मी काय उत्तर अपेक्षित धरलं होतं कोण जाणे. विचारायचं म्हणून विचारलं.

“आमी वाट बगली तुमच्या फोनाची,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “होड्या शाकारल्यान, हिचा बापूस घरी आला, तो बोलला, जाउंदे. मग पोरीनं सोता फोन केलान, कागदावरच्या नंबरावर. तिकडनं बोलले, यादीत नाव नाय. ऱ्हाउंदे. मार्क कमी पडले आसतील.”

ती यादी कोणती होती हे मला उभ्या उभ्या कळलं. ऑफिसात आमच्या ‘येणार’वाल्यांची यादी ठेवली होती, त्या दिवशी कुणाकुणाला बोलवलंय याची. फोन घेणाऱ्याने यादीत बघितलं, नाव नव्हतं, नाही म्हणून सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही. मुलीला वाटलं, प्रवेशाची यादी लागली आणि आपण बसलो नाही. तेव्हा प्रवेश चालू होते. ती सरळ एसटीत बसून आली असती तरी चाललं असतं. पण ‘यादीत नाव नाही’ असं ऐकल्यावर कोण एसटीत बसतं?

बाईने बांगड्यांचा वाटा पिशवीत घातला आणि वर आणखी एक बांगडा टाकला. “घे गो. तू उन्हातनं आली व्हतीस.”

बाजारातून बाहेर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, “तू काय लिहिलं होतंस वहीत?”

“नाही.”

“का?”

“बघूया म्हणाली ती.”

ती भर रस्त्यात थांबली. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता. “अगो, नाय बोलायचं असलं तर आमच्यात तोंडावर नाय बोलतात. दार लावून घेतात. बघूया म्हणजे बघूया! घरवाला दर्यावर असताना बाई अजून काय बोलणार? तिनं तर तुला कधी ते पण सांगितलं.” मग माझ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. “तुमच्यात काय असतं बघूया म्हणजे?”

मी सांगितलं. एरवी माझी थट्टा करायची एक संधी ती सोडत नसे, पण या वेळी तिने नुसती माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ती चालायला लागली. तिने बांगडे साफ केले, मी मसाला वाटला, आम्ही तळून खाल्ले. चांगले ताजे होते. वरचा एक बांगडा कोणता हे आता ओळखता येत नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं. मॅडम वाईट बोलल्या नाहीत. बी.एस्सी.च्या जागा भरल्या होत्या, मुदत संपली होती. “तुझी चूक नाही,” त्या म्हणाल्या, “तिने ‘बघूया’ म्हटलं, तू ‘नाही’ समजलीस. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तिच्याकडे जा.” मी म्हणाले, वहीत तिसरा रकाना करूया का, ‘बघूया’चा? मॅडम हसल्या. “अगं, तिसरा रकाना ठेवला तर सगळा जिल्हा त्यातच जाऊन बसेल.”

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा सायन्सच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मामांना विचारलं, मायक्रोस्कोप प्रत्येकाला मिळतो का. “दोघांत एक,” ते म्हणाले. आणि मी उगाच उभी आहे असं बघून एक माझ्यापुढे सरकवला. काचेवर कांद्याची साल होती. आधी नुसता उजेड दिसला, मग माझ्याच पापण्या, मग त्यांनी बाजूचं चाक फिरवलं आणि एकदम चौकोन दिसले. शेजारी शेजारी, एकाला एक चिकटून, प्रत्येकात एक ठिपका. मी डोळा लावून बसले ते बसलेच. माझ्यामागे रांग नव्हती. घंटाही झाली नाही.

तिथे मला लाज वाटली. कानशिलं तापली. बऱ्याच काळाने काहीतरी वाटलं आणि ते नेमकं हे निघालं. मामांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हणाले, दिसलं.

मग मी तिला फोन केला का? वहीत नंबर होता, माझ्याच अक्षरात. दोनदा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. काय सांगणार होते? जागा भरल्या, चूक माझी, पुढच्या वर्षी ये? पुढच्या वर्षी समोर जाऊनच सांगू, असं मी ठरवलं. हे ठरवणं म्हणजे आमच्यातलं ‘बघूया’ होतं, हे मला तेव्हा समजत नव्हतं असं म्हणणार नाही. समजत होतं. परत तो जुना बधिरपणा अंगावर ओढून घेतला आणि वर्ष काढलं.

पुढच्या मेमध्ये नवी वही मिळाली. मॅडमचे दोन सरळ रकाने. मी त्यांच्या शेजारी निळ्या पेनाने तिसरी रेघ ओढली, पट्टी न लावता, म्हणून वाकडी आली. मैत्रीण बरोबर येते म्हणाली होती. मी तिला येऊ नको म्हटलं.

घरी आई नव्हती, बाजारात गेली होती. ओट्यावर बाप जाळं शिवत बसला होता, त्या वर्षी लवकर परतला होता. लेक कोळंबी सोलायला जाते, असं त्याने सांगितलं आणि हाताने रस्ता दाखवला. आत दाराच्या फळीला आमचं पत्रक अजून चिकटवलेलं होतं. त्यात माझा तो पासपोर्टचा चेहरा. मी निघाले.

शेड बंदराच्या अलीकडे होती. पत्र्याखाली बायका ओळीने बसलेल्या, पुढ्यात बर्फाच्या पाण्यातली कोळंबी. ती कडेला होती. मला बघून तिने मान हलवली, हात थांबवले नाहीत. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. ती यादी प्रवेशाची नव्हती. तुझी आई ‘बघूया’ म्हणाली आणि मी ‘नाही’ लिहिलं. मार्क कमी नव्हते. फोन मी करायचा होता. मायक्रोस्कोप दोघांत एक असतो, मागच्या वर्षी मी न बघता सांगितलं होतं.

ती ऐकत होती. डोकं मोडायचं, साल काढायची, मागचा काळा धागा ओढायचा, ट्रेमध्ये टाकायची. चार-पाच कोळंब्या झाल्या.

“म्हंजे मी बसत व्हते?” तिने विचारलं.

“हो.”

पुन्हा दोन-तीन कोळंब्या. तिची बोटं पांढरी पडली होती, टोकांना सुरकुत्या. मी न राहवून विचारलं, “गार नाही लागत?”

“आता नाय लागत.”

हे वाक्य मी ओळखलं. कुठून येतं आणि पुढे कुठवर जातं, सगळं ओळखलं, आणि मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी वहीत तोंड घातलं. जरा वेळाने म्हणाले, “या वर्षी येशील? फॉर्म मी आज इथेच भरते, फोनवर. आताच. यादी नाही, काही नाही.”

तिने एक कोळंबी हातात धरून ठेवली.

“बघूया,” ती म्हणाली.

मी ऐकलं. या वेळी नीट ऐकलं. पण मला खात्री करायची होती. वही उघडून मी तीन रकाने तिच्यापुढे धरले. “हे तुमच्यातलं बघूया,” मी म्हणाले, “की आमच्यातलं?”

“तुमच्यात काय आसतं?”

“आमच्यात ‘नाही’ असतं.”

तिने त्या वाकड्या निळ्या रेघेकडे क्षणभर बघितलं आणि हातातली कोळंबी ट्रेमध्ये टाकली.

“मग तुमच्यातलं लिवा,” ती म्हणाली, आणि पाण्यात हात घालून दुसरी घेतली.

मी तिचं नाव ‘नाही’च्या रकान्यात लिहिलं. उठताना ‘आम्ही फोन करू’ हे शब्द सवयीने ओठांवर आले होते. ते मी म्हणाले नाही.